थंड समुद्राचा अंगरखा



बीडच्या माणसाने समुद्रात घालावयाच्या पोशाखाविषयी बोलावे, हे ऐकून आपणांपैकी पुष्कळांस हसू येईल, आणि ते येणे रास्तच आहे. आमच्या गावात बिंदुसरा नदी आहे खरी. परंतु वर्षाचे कित्येक महिने तिच्या पात्रात पाण्यापेक्षा दगडगोट्यांचेच दर्शन अधिक घडते. समुद्र पाहावयाचा तर आम्हांस सह्याद्री ओलांडावा लागतो. तथापि गेली दोन वर्षे हा विषय आमच्या घरी जेवताखाता चर्चिला जात आहे, आणि त्यात माझ्या हातून एक चूक घडलेली आहे. ज्यांची मुलेबाळे आज नोकरीनिमित्त परदेशी थंड किनाऱ्यांवर राहत आहेत, त्यांस ती ऐकून काही उपयोग व्हावा, म्हणून ती येथे सांगण्याचे मी योजिले आहे.

माझा पुतण्या इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉल परगण्यात, एका रुग्णालयात नोकरीस आहे. तेथील तरुणांस लाटेवर स्वार होण्याचा मोठा नाद. एक लांब फळी घेऊन पाण्यात शिरावयाचे, तिच्यावर पालथे पडून हातांनी वल्हवीत दूर जावयाचे, आणि मनाजोगती लाट आली की फळीवर उभे राहून तिच्यासवे किनाऱ्याकडे धावत यावयाचे. हवाई बेटांत नावारूपास आलेला हा खेळ. त्यास सर्फिंग म्हणतात. हवाईचे पाणी कोमट असते. कॉर्नवॉलचे पाणी ऑगस्ट-सप्टेंबरात १६-१७ अंशांपर्यंत चढते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये ९-१० अंशांपर्यंत उतरते. गंमत अशी की, अटलांटिक महासागरावरील वादळांमुळे जोरकस लाटा हिवाळ्यातच अधिक उठतात. तेव्हा हौशी माणसास थंडीत पाण्यात शिरण्यावाचून गत्यंतर नसते, आणि त्यासाठी तो अंगभर रबराचा एक पोशाख चढवितो. त्याचे नाव वेटसूट, म्हणजे ओला पोशाख. नाव प्रामाणिक आहे. तो घातला असता माणूस भिजतोच.

पुतण्याने एके दिवशी फोनवर विचारले, "काका, येथील एक मित्र आपला जुना पोशाख मला देतो आहे. थोडा सैल होतो. घेऊ का?" मी चौतीस वर्षे शाळेत पदार्थविज्ञान शिकविलेले, उत्तर देण्यास मला विचार करावा लागला नाही. मी म्हणालो, "अवश्य घे. सैल आहे हे उत्तमच. आत एक स्वेटर घालता येईल."

हे उत्तर माझ्या तोंडून का निघाले, हे मी मागाहून पुष्कळदा आठवून पाहिले. आपल्याकडे मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवण्याची जी चाल आहे, तिचा त्यात भाग होताच. परंतु त्याहून मोठा भाग दोन गोष्टींचा होता: एक आमच्याकडील विहीर आणि दुसरी घोंगडी.

विहिरीचे आधी सांगतो. पाठीस कोरडा भोपळा बांधून विहिरीत ढकलून दिलेला मुलगा म्हणजे आमच्याकडील पोहण्याच्या शाळेतील पहिल्या इयत्तेचा विद्यार्थी. मी तसाच शिकलो, आणि पुतण्यास मीच तसे शिकविले. पौषातील पहाटे, बाहेर पारा १०-१२ अंशांवर असता, विहिरीच्या पाण्यावर वाफ तरंगताना दिसते आणि आत उडी घेतली की अंगास ऊब वाटते. कारण साधे आहे. जमिनीच्या पोटातील पाण्याचे तापमान त्या प्रदेशाच्या वर्षभराच्या सरासरी हवामानाइतके असते. आमच्याकडे ते पंचविशीच्या आसपास भरते. शहराच्या दक्षिणेस निजामशाहीच्या काळातील प्रसिद्ध खजाना विहीर आहे. तिच्या पाण्याच्या अंगीही हाच गुण. हिवाळ्यात बाहेर काकडावे आणि पाण्यात शिरून ऊब घ्यावी, हा धडा आम्ही लहानपणीच गिरविलेला असतो. १० अंशांच्या समुद्राच्या कामी तो मुळीच येत नाही.

घोंगडीचे तसेच. बालाघाटच्या डोंगरावर मेंढरे राखणारा धनगर आषाढाच्या झडीत घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन दिवस काढतो. दख्खनी मेंढीची भरड लोकर, ताण्याच्या सुतास चिंचोक्याची खळ दिलेली, हातमागावर घट्ट विणलेली ती घोंगडी वरून भिजली तरी आत ऊब धरून ठेवते. ही ऊब लोकरीची नव्हे, लोकरीच्या केसांत अडकून राहिलेल्या हवेची. स्तब्ध हवा उष्णतेस सहसा वाट देत नाही. तेव्हा मी मनाशी हिशेब केला: सैल पोशाख, आत स्वेटर, म्हणजे हवेचे दोन थर. हिशेब बरोबर होता. फक्त तो पावसाचा होता, समुद्राचा नव्हे.

फेब्रुवारीतील एका सकाळी पुतण्या पाण्यात उतरला. पहिलीच लाट अंगावरून गेली, आणि मानेपाशी जी फट होती तिच्यातून बर्फासारखे पाणी पाठीच्या कण्यावरून खाली ओघळले. त्याचा श्वास एकदम वर ओढला गेला तो आवरेना. स्वेटर पाणी पिऊन जड झाला. हवा म्हणून जी काही होती ती गळ्यावाटे बुडबुडे होऊन निघून गेली. हात हलविला की जुने पाणी बाहेर, नवे आत. दहाबारा मिनिटांत बोटे मिटेनाशी झाली. फळी दोरीने घोट्यास बांधलेली होती म्हणून ती सुटली नाही. पण तिच्यावर चढण्यास हात चालेनात. जवळच असलेल्या एका वयस्क गृहस्थांनी त्याची अवस्था ओळखली आणि त्यास फळीवर आडवे टाकून किनाऱ्यास आणले. हे सारे त्याने आम्हांस चार दिवसांनी सांगितले. वहिनींनी, म्हणजे त्याच्या आईने, मला एक शब्दही बोलून दाखविला नाही. त्या बोलल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

त्यानंतर मी हा विषय पुन्हा मुळापासून वाचावयास घेतला. पाणी अंगातील उष्णता हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने ओढून नेते. १५ अंशांखालच्या पाण्यात माणूस एकाएकी शिरला की पहिली दोनतीन मिनिटे श्वासावर त्याचा ताबा राहत नाही, आणि त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर पट्टीचा पोहणाराही बुडू शकतो. त्यातून निभावला तर पुढील दहापंधरा मिनिटांत हातपाय निकामी होऊ लागतात. सर्व शरीर गारठून शुद्ध हरपण्यास अर्धा तास किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो. थंड पाण्यात माणूस थंडीनेच मरतो, अशी आपली समजूत असते. वस्तुतः पुष्कळ जण त्याच्या कितीतरी आधी बुडालेले असतात.

येथे कोणी म्हणेल की, आपल्या पुण्याच्या रोहन मोरे यांनी २०१८ साली न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी पोहून जगातील सात कठीण सागरी मार्ग पुरे केले, आणि अशा पोहण्यात तर हा पोशाख घालण्याची मुभाच नसते. गोष्ट खरी आहे व अभिमानाची आहे. परंतु त्यामागे थंड पाण्याची सवय अंगात मुरविण्याची कित्येक वर्षांची तपश्चर्या असते आणि सोबत देखरेखीची नौका असते. सुटीच्या दिवशी फळी घेऊन निघालेल्या नोकरदार मुलाने तो दाखला घेऊ नये.

आता पोशाखाकडे वळू. निओप्रीन नावाचे कृत्रिम रबर १९३० साली अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाले. त्याचा फेस करून गोठविला म्हणजे त्यात वायूचे असंख्य बारीक बुडबुडे कायमचे कोंडले जातात. १९५१च्या सुमारास कॅलिफोर्नियातील ह्यू ब्रॅडनर या पदार्थवैज्ञानिकाच्या ध्यानात आले की, पाणबुड्यास कोरडे ठेवण्याचा खटाटोप व्यर्थ आहे. ऊब धरणारे बुडबुडे जर रबराच्या पोटातच बंद असतील, तर अंग भिजले म्हणून बिघडत नाही. पुढे जॅक ओनील यांनी सान फ्रान्सिस्कोमध्ये १९५२ साली दुकान थाटून अशा रबराचे पोशाख लाटांवर खेळणाऱ्यांस पुरविले. तत्पूर्वी ती मंडळीही लोकरी स्वेटर घालूनच कुडकुडत असत, हे वाचून मला थोडा दिलासा मिळाला.

पुष्कळांचा असा समज आहे की, पोशाखाच्या आत शिरलेले पाणी अंगाच्या उष्णतेने तापते व तेच ऊब देते. हे अर्धेच खरे. ऊब देतात ते रबरातील बुडबुडे. आतल्या पाण्याने केवळ थोडे असावे आणि हलू नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. म्हणूनच पोशाख किती जाड आहे यापेक्षा तो अंगास कसा बसतो, हे आधी पाहावयाचे. जाड पण सैल पोशाखापेक्षा बारीक पण बरोबर बसणारा बरा. तो कांद्याच्या पापुद्र्याप्रमाणे अंगास लागून असावा. पाठीच्या कमरेकडील खोलगट भागात, काखेत आणि जांघेत पोकळी राहता कामा नये. हात डोक्यावर नेता यावेत, उकिडवे बसता यावे, पूर्ण श्वास घेता यावा. गळा मात्र आवळला जाऊ नये, नाहीतर भोवळ येते. कोरडा असता किंचित घट्ट वाटणे हे सुचिन्ह समजावे. वाढत्या अंगाचा विचार येथे मनातही आणू नये.

जाडी मिलिमीटरमध्ये मोजतात. पोशाखावर पाच-चार असे आकडे असतील तर धडास ५ मिलिमीटर आणि हातापायांस ४. कॉर्नवॉलच्या उन्हाळ्यास तीन-दोन पुरतो. वसंतात आणि शरदात चार-तीन. हिवाळ्यास पाच-चार, आणि त्यासोबत टोपी, हातमोजे व पायमोजे. टोपी अंगच्या पोशाखासच जोडलेली असावी. धनगराची खोळ हेच काम करते. मानेवरून पाणी आत उतरू नये, ही तिची खरी चाकरी आहे.

शिवणीकडे कोणी पाहत नाही, आणि घात तेथेच होतो. गोधडीचा टाका आरपार जातो. तसा टाका रबरास घातला तर प्रत्येक छिद्र ही एक गळती होते. उन्हाळी पोशाखास ते चालते. हिवाळी पोशाखाचे काठ आधी चिकटवितात आणि मग सुई अर्ध्याच जाडीतून फिरवितात, ती पलीकडे निघतच नाही. वर कित्येकदा आतून पट्टीही लावतात. दुकानात शिवण दोन्ही बाजूंनी पाहावी. टाके आतून दिसत असतील तर तो पोशाख थंडीचा नव्हे, दुकानदार काहीही म्हणो. चेन पाठीवर असली तर पोशाख चढविण्यास सोपा, पण पाणी कण्यावरून उतरते. छातीवर आडवी असली तर चढविताना नाकी नऊ येतात, पण आत ऊब राहते. हिवाळ्यास छातीवरचीच घ्यावी.

आणखी एक गोष्ट मला माठावरून सुचली. लाटेची वाट पाहत खेळाडू फळीवर बसून राहतो. त्या वेळी त्याचे अर्धे अंग वाऱ्यात असते. पोशाखास बाहेरून कापडाचा थर असेल तर तो ओला राहतो, वाऱ्याने त्यातील पाणी उडते, आणि माठातील पाणी जसे गार होते तसा माणूस गार होतो. छातीपाठीवर रबर उघडे व गुळगुळीत असेल तर पाणी त्यावर ठरत नाही. मात्र असे रबर नखाने फाटते. पोशाख चढविताना बोटांच्या पेरांनी ओढावा, खेळून आल्यावर गोड्या पाण्याने धुवावा आणि सावलीत वाळवावा. उन्हाने रबर कडक होते.

असा पोशाख येथून मापे कळवून मागविण्याच्या भरीस पडू नये. मुलाने स्वतः दुकानात जाऊन घालून पाहावा, आणि एकाच मापाचे दोन निरनिराळ्या घडणीचे पाहावेत. रुंद खांद्यांच्या माणसास एक बसतो तर दुसरा बसत नाही.

पुतण्याने पुढील हिवाळ्यापूर्वी तसेच केले. जुना पोशाख त्याने एका धिप्पाड सहकाऱ्यास दिला, आणि त्यास तो चपखल बसला. यंदाच्या फेब्रुवारीत तो पाऊण तास पाण्यात होता. दर काही मिनिटांनी हातमोज्यातच अंगठा करंगळीस लावून पाहावयाचा, आणि तो लागेनासा झाला की तत्काळ किनारा गाठावयाचा, मग समोरून येणारी लाट कितीही सुंदर असो, एवढे मात्र वहिनींनी त्याच्याकडून कबूल करून घेतले आहे.