भातखाचरातील मिथेन कसा ओळखतात?



पाणी साचलेल्या भातखाचरात पाय टाकला की बुडबुडे येतात. त्यांत मिथेन वायू असतो. चिखलातील हवा संपली की जिवाणू कुजणाऱ्या काडीकचऱ्यापासून तो तयार करतात. हा वायू वातावरणाची उष्णता वाढवतो.

हवेत मिसळलेला मिथेन कुठला, हे कसे कळते? कार्बनच्या शंभर अणूंपैकी साधारण ९९ अणूंचे वजन १२, तर एखाद्याचे १३ असते. यांना स्थिर समस्थानिके म्हणतात. ती किरणोत्सर्गी नसतात. जिवाणूंनी बनविलेल्या मिथेनमध्ये जड कार्बन कमी असतो. म्हणून खाचर, दलदल व गुरांच्या पोटातील मिथेन हलका, खनिज वायूतील त्याहून जड आणि पेंढा जाळल्यावर निघणारा आणखी जड. हे प्रमाण मास स्पेक्ट्रोमीटर यंत्रावर मोजतात.

२००७ पासून हवेतील मिथेन पुन्हा वाढू लागला आणि हलकाही होत गेला. म्हणजे वाढीत जिवाणूंचा वाटा मोठा आहे. मात्र खाचर की दलदल, हे एवढ्या खुणेवरून सांगता येत नाही. तेव्हा सारा दोष भातावर टाकणे योग्य नव्हे.

तरी आपल्या हातचे आपण करावे. ओलिताची सोय असल्यास खाचरात छिद्रे पाडलेला पाइप रोवा. लावणीनंतर दोन आठवड्यांनी, पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटर उतरले की पुन्हा पाणी द्या. फुलोऱ्यात मात्र ५ सेंटिमीटर पाणी ठेवा. मिथेन घटेल, आणि पाण्याची बचत तुमच्याच पदरात पडेल.