आधी चिंचोके, मग पाढे
(पालकांच्या सभेतील भाषण)



मुलाने पाढा घडाघडा म्हटला की त्यास गणित आले असे आपण समजतो. अडखळले की "याला डोकेच नाही" म्हणून त्यास गुरांमागे धाडतो. हा न्याय नव्हे.

चार-पाच वर्षांच्या मुलापुढे चिंचोक्यांच्या सारख्या दोन ओळी मांडा. त्याच्या देखत एक ओळ लांब पसरा. "जास्त कोठे?" असे विचारता ते बहुधा लांब ओळ दाखवील. सात वर्षांचे मूल सहसा फसत नाही. स्वित्झर्लंडचे पंडित झां पियाजे (१८९६–१९८०) यांनी असे प्रयोग केले. समज वयाप्रमाणे पिकते. म्हणून लहानग्यास आधी माणशी एक भाकर वाटू द्यावी. मग एकेका वस्तूस बोट लावून मोजू द्यावे. पुढे दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधवाव्या, असे आम्ही सांगतो.

आपण 'पंचवीस' म्हणताना पाच आधी येतात. लिहिताना, २५, दोन आधी. 'एकोणतीस' मध्ये तर तिसाचे नाव आणि पाटीवर २९! २०१९ साली राज्याच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' असेही वाचन दिले, तेव्हा पुष्कळ थट्टा झाली. पण मुलाची अडचण खरी आहे. दोन जुड्या व पाच सुट्या काड्या हाती दिल्या म्हणजे ती सुटू लागते.

पाढे हवेतच. परंतु ज्यास आकडा उमगला नाही, त्यास उद्या बाजारात काटा व पावती दोन्ही फसवितील. याकरिता घरी मुलावर रागावण्याआधी मूठभर चिंचोके घेऊन त्याच्याजवळ बसावे, एवढीच आमची विनंती आहे.