फोडणी, थर्मोस्टॅट आणि भाड्याचा हॉल

(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा लिखित मजकूर)



दिवाळीच्या आठवड्यात अमेरिकेतलं मराठी घर ओळखायची एक हमखास खूण आहे. आकाशकंदील नव्हे, तो काय, कुणाकडे लागतो, कुणाकडे राहून जातो. खरी खूण म्हणजे चकलीचा पहिला घाणा तेलात पडला की जिन्यावरचा स्मोक अलार्म बोंबलायला लागतो आणि घरातलं कुणीतरी स्टुलावर चढून त्याला टॉवेलने वारा घालतं. तुम्ही हसताय, म्हणजे घरोघरी हेच चाललंय!

कार्यकारिणीने मला विषय दिलाय घरांतल्या आणि इमारतींतल्या ‘स्मार्ट’ हवेचा. माझं पोटापाण्याचं काम इमारतींच्या हवेच्या नियंत्रणाचं, म्हणून ही जबाबदारी माझ्यावर आली. तासभर बोलता येईल, पण मागे चहा उकळतोय हे मला दिसतंय. तेव्हा एकच मुद्दा सांगतो. नियंत्रण कितीही हुशार असो, ते जेवढं मोजतं तेवढ्याचीच काळजी घेतं. जे मोजत नाही, ते त्याच्या लेखी घरात नसतंच.

आपल्या लहानपणच्या घरांत ‘वायुविजन’ हा शब्द कुणी उच्चारत नसे. वाड्याला चौक होता, स्वयंपाकघराला धुराडं होतं, कौलांना फटी होत्या आणि दारं दिवसभर उघडी असायची. म्हणून तिथली हवा फार शुद्ध होती असं मी म्हणणार नाही. चुलीच्या धुराने आजीचे डोळे किती चुरचुरायचे ते आपण पाहिलंय. पण हवा आपणहून येत-जात होती. तिला कुणी बटण दाबून बोलवावं लागत नव्हतं.

इकडे थंडीमुळे घर बंद ठेवणं आलं, आणि बंद घराला राखणदार लागला. त्याची गोष्ट एका मास्तरापासून सुरू होते. विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर गावी वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक शिकवत असत. वर्गात ऊब किती आहे ते बघायला शाळेचा शिपाई सारखा आत यायचा, मग तळघरात जाऊन झडपा कमी-जास्त करायचा. शिकवण्यात व्यत्यय! जॉन्सन यांनी खोलीचं तापमान कळवणारी विजेची घंटाच करून टाकली. १८८३ साली तिचं पेटंट मिळालं आणि १८८५ साली मिलवॉकीत कंपनी निघाली. तीच पुढे जॉन्सन कंट्रोल्स म्हणून जगभर गेली.

आता गंमत बघा. त्या घंटेला कळत होतं ते फक्त तापमान. आज आपल्या भिंतीवरचा थर्मोस्टॅट फोनवरून चालतो. २०११ साली नेस्ट आला तेव्हापासून तो आपल्या सवयीसुद्धा शिकतो. तरीही त्याचं मुख्य ज्ञान अजून तेच आहे: गरम की गार, फार तर दमट की कोरडं. कोंदट झालंय, धूर झालाय, हे बहुतेकांना कळत नाही. शिवाय अमेरिकेतल्या बहुसंख्य घरांत फर्नेस आणि एसी बाहेरची हवा आत आणतच नाहीत, घरातलीच हवा गरम किंवा गार करून पुन्हा घरात फिरवतात. पंख्याचा आवाज येतो म्हणजे ताजी हवा येते, हा आपल्यातला सर्वांत मोठा गैरसमज.

पूर्वी हे खपून जायचं, कारण जुनी घरं गळकी होती. १९७३ साली तेलाचा भडका उडाला आणि इंधन वाचवण्यासाठी फटी बुजवण्याची मोहीम सुरू झाली. इमारतींच्या हवेचे मानक ठरवणारी अ‍ॅश्रे ही अभियंत्यांची संस्था आहे. तिने १९८१ साली धूम्रपान नसलेल्या कार्यालयांसाठी बाहेरची हवा माणशी मिनिटाला अवघी ५ घनफूट पुरे असं ठरवलं. पुढे बंद इमारतींत डोकेदुखी, डोळ्यांची जळजळ अशा तक्रारी वाढल्या. १९८९ साली आकडा वर गेला: किमान १५, कार्यालयांना २०. घरांसाठी वेगळं मानक यायला २००३ साल उजाडलं. आजच्या हिशेबाने २,००० चौरस फुटांच्या तीन बेडरूमच्या घराला मिनिटाला साधारण ९० घनफूट ताजी हवा हवी, आणि त्यातली फटींतून येणारी वजा जाता उरलेली पंख्याने आणायची. नवीन घर घेत असाल तर बिल्डरला एवढंच विचारा, “ताजी हवा आत कुठून येते, ते दाखवा.” ग्रॅनाइटच्या ओट्याइतकाच हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

मग मोजायचं काय? तीन गोष्टी.

पहिली, दमटपणा. बाथरूममध्ये दमटपणा ओळखून सुरू होणारा पंखा बसवला, की मुलांना “पंखा लाव” म्हणून ओरडावं लागत नाही. भिंतीला बुरशी धरत नाही. स्वस्तात मिळणारी ही सर्वांत उपयोगी हुशारी.

दुसरी, कार्बन डायऑक्साइड. हा आपल्याच उच्छ्वासातून येतो, म्हणून खोलीत माणसांच्या मानाने हवा पुरेशी आहे का, हे त्यावरून कळतं. बाहेरच्या हवेत तो आज दहा लाखांत सुमारे ४२५ भाग असतो. दार लावून दोघं झोपलेल्या बेडरूममध्ये पहाटेपर्यंत तो सहज हजाराच्या पुढे जातो. मीटर घेताना एक बघा. काही स्वस्त मीटर हा वायू मोजतच नाहीत, दुसऱ्याच वासांवरून अंदाज बांधतात. हिंगाची फोडणी घातली की तो आकडा उडी मारतो! खोक्यावर ‘एनडीआयआर’ असं लिहिलेलं घ्या.

तिसरी, सूक्ष्म कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात. तळण, फोडणी, उदबत्ती, धूप, सगळ्यांचा हिशेब इथे लागतो. कार्बन डायऑक्साइडच्या मीटरला तळणीचा धूर दिसत नाही, आणि कणांच्या मीटरला कोंदटपणा दिसत नाही. म्हणून एकाच आकड्यावर विसंबू नका.

आता स्वयंपाकघर. शेगडीवरच्या मायक्रोवेव्हखालचा पंखा अनेक घरांत कोळशाच्या गाळणीतून हवा पुन्हा आपल्याच तोंडावर सोडतो. तुमचा पंखा घराबाहेर हवा टाकतो का, हे बघा. जोराने लावून भिंतीबाहेरच्या झाकणाशी हात धरा, वारा लागला पाहिजे. मानकाप्रमाणे अशा हूडने मिनिटाला किमान १०० घनफूट हवा बाहेर टाकायला हवी. तळण शक्यतो मागच्या बर्नरवर करा. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या चाचण्यांत पुढच्यापेक्षा मागच्या बर्नरचा धूर हूडमध्ये जास्त पकडला गेला. फार ताकदीचा हूड घेतलात तर बाहेर गेलेल्या हवेची भरपाई करायला दुसरी वाट लागते, नाहीतर गॅसच्या वॉटर हीटरचा धूर उलटा घरात ओढला जाऊ शकतो. आणि अलार्मची बॅटरी काढून ठेवू नका. तो बिचारा त्याचं काम करतोय, आपला पंखा करत नाहीये.

बाहेरची हवा नेहमी चांगलीच असते असंही नाही. जून २०२३ मध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर न्यूयॉर्कपर्यंत आला आणि आकाश नारिंगी झालं. अशा दिवशी बाहेरची झडप मिटून घरातली हवा मर्व्ह १३ दर्जाच्या गाळणीतून फिरवणारं नियंत्रण हवं. घराचा सेन्सर बाहेरही डोकावतो की नाही, हे म्हणून विचारायचं.

आता ज्यासाठी मी आज मुख्यतः उभा आहे, ते बोलतो. आपण शाळांचे हॉल भाड्याने घेतो, शनिवारी संध्याकाळी. त्या इमारतींची यंत्रणा उत्तम असते. सेन्सर असतात, माणसं वाढली की झडप उघडते, कमी झाली की मिटते, वीज वाचते. पण तिला वेळापत्रकही असतं. शाळा सुटली, शनिवार आला, की यंत्रणा समजते इमारत रिकामी आहे, आणि बाहेरच्या हवेची झडप बंद करते. यात तिचा दोष नाही, तिला तसंच सांगितलेलं आहे. दिवे लागतात, माइक चालतो, हवा मात्र सुट्टीवर.

साधा हिशेब करू. बसलेला माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. ५,००० चौरस फुटांचा, २० फूट उंच हॉल, आणि आपण ३०० जण. झडप पूर्ण बंद असेल आणि फटी नसतील, तर तासाभरात दहा लाखांत सुमारे १,९०० भागांची भर पडते. फटींमुळे प्रत्यक्षात थोडी कमी. म्हणजे दुसऱ्या अंकात प्रेक्षक जांभया देतात तेव्हा दोष दर वेळी नाटककाराचा नसतो! २०१२ साली २२ जणांवर झालेल्या एका प्रयोगात हा वायू हजार आणि अडीच हजार भागांवर गेल्यावर निर्णय घेण्याची क्षमता घटलेली दिसली होती. नंतरच्या सगळ्याच प्रयोगांत तसं दिसलं नाही. पण आकडा वाढला म्हणजे आपण एकमेकांचा उच्छ्वास जास्त घेतोय, याबद्दल वाद नाही.

त्याची किंमत किती असू शकते, ते आपण २०२० मध्ये पाहिलं. वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट व्हॅलीत १० मार्चला एका गायनवृंदाची तालीम झाली. अडीच तास, ६१ माणसं. तपासणीने निश्चित आणि लक्षणांवरून संभाव्य मिळून ५३ जणांना कोविड झाला, दोघं दगावले. बंद जागा, दाटी, गाणं, लांबलेला वेळ आणि अपुरी हवा हे सगळं एकत्र आलं होतं, असं अभ्यासकांनी नंतर मांडलं. मंडळी, आपला दिवाळीचा कार्यक्रम म्हणजे दुसरं काय? समूहगीत, तीन तास, पुढच्या रांगेत भारतातून आलेले आई-बाबा आणि मागे रांगणारी बाळं.

म्हणून कार्यकारिणीला माझी विनंती आहे. हॉलच्या करारात एक ओळ घाला: कार्यक्रमाच्या एक तास आधीपासून शेवटपर्यंत हवेची यंत्रणा ‘ऑक्युपाइड’ वेळापत्रकावर चालेल, आणि किती माणसं येणार ते आम्ही कळवू. काही शाळा याचे जादा पैसे मागतील. ते द्या. रांगोळीच्या आणि फुलांच्या खर्चातून निघतात. दोन खरे मीटर मंडळाने विकत घ्यावेत, एक पुढे, एक मागे. आकडा सतत चढायला लागला तर मध्यंतर लवकर घ्या आणि दारं उघडा. दारं उघडायला कुठलंही अ‍ॅप लागत नाही.

घरी गेल्यावर तुम्हीही तेवढं करा. थर्मोस्टॅटसमोर उभं राहून स्वतःला विचारा, याला नक्की काय काय कळतं? जे कळत नाही, ते आपल्याला बघावं लागेल.

आता चहा घेऊ. आणि जमलं तर ते मागचं दार जरा उघडा.

सर्वांना शुभ दीपावली!