अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि आईची रजा

(महिला कामगारांच्या अभ्यास शिबिरात नवजात शिशू कक्षातील परिचारिकांच्या वतीने केलेले भाषण)



महासाथीतील आरोग्य कर्मचाऱ्यांवर आपल्या मासिकांतून बरेच लिहून आले. टाळ्या, थाळ्या, फुले यांबद्दल आम्हाला नव्याने सांगायचे नाही. आम्ही ज्यांच्याजवळ त्या काळात उभ्या होतो, त्या रुग्णांची वजने हजार-बाराशे ग्रॅम होती. त्यांच्याविषयी आणि त्यांच्या आयांविषयी बोलायला आम्ही आलो आहोत.

सदतीस आठवडे भरण्यापूर्वी जन्मलेल्या बाळाला आपल्याकडे कमी दिवसांचे बाळ म्हणतात. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे जन्मली. त्यांतली ३० लाखांच्या आसपास एकट्या भारतात. म्हणजे ज्या वर्षी मार्चअखेर रेल्वे थांबली, एस.टी. थांबली, त्या वर्षी आपल्या देशात दिवसाला सरासरी आठ हजारांहून अधिक बाळे वेळेआधी जन्मत होती. टाळेबंदीचा हुकूम त्यांना लागू नव्हता.

अशा बाळाला काय लागते? ऊब लागते, कारण अंगावर चरबी नसते. दूध लागते, पण ओढून पिण्याची ताकद नसते. म्हणून आईने दूध पिळून द्यायचे आणि आम्ही ते नळीने किंवा वाटी-चमच्याने थेंबाथेंबाने पाजायचे. जंतूंपासून जपावे लागते. श्वासाला आधार लागतो. प्राणवायूसुद्धा मोजूनच द्यावा लागतो, जास्त झाला तर डोळ्यांच्या पडद्याला इजा होते. म्हणून फार लहान बाळांचे डोळे जन्मानंतर महिन्याच्या आत तज्ज्ञाकडून तपासून घ्यायचे असतात. टाळेबंदीत ही तपासणी चुकलेली मुले पुढच्या अवस्थेत गेल्यावरच रुग्णालयात पोचली, असे नेत्रतज्ज्ञांनी नोंदवले आहे. वाहन नव्हते, एवढ्या एका कारणाने मुलाची दृष्टी धोक्यात यावी, याला दैव म्हणायला आमची तयारी नाही.

लोकांना वाटते, बाळ काचेच्या पेटीत ठेवले की काम झाले. पेटी हवीच. पण १९७८ साली कोलंबिया देशात बोगोटा येथे डॉ. एडगर रे यांच्या रुग्णालयात पेट्या पुरेनात, तेव्हा त्यांनी बाळे आयांच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. पुढे हीच 'कांगारू पद्धत' म्हणून जगभर गेली. गरिबीतून निघालेली युक्ती म्हणून बरीच वर्षे तिला दुय्यम मानले गेले. मग भारतासह पाच देशांत मोठी चाचणी झाली. आपल्याकडे ती दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात झाली. एक किलो ते एक किलो आठशे ग्रॅमच्या आतील बाळे, प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता, जन्मल्यापासूनच आईच्या अंगाशी ठेवली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटले. हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला मे २०२१ मध्ये.

आणि नेमक्या त्याच काळात काय चालले होते? आईला ताप आहे, चाचणी व्हायची आहे, अहवाल आलेला नाही, या कारणांनी आई एका इमारतीत आणि बाळ दुसऱ्या इमारतीत. एके ठिकाणी बाप सहा-सहा तास फाटकाबाहेर दुधाची वाटी रुमालात धरून उभे राहत, कारण आत घ्यायला परवानगी नव्हती. आम्ही आमच्याच मोबाइलवर आईला बाळाचा चेहरा दाखवत होतो. आपल्याच देशात असे झाले असेही नाही. ६२ देशांतील कर्मचाऱ्यांच्या पाहणीत दोन तृतीयांशांनी सांगितले की कोविड झालेल्या वा संशयित आईला बाळ अंगाशी घेऊ दिले जात नव्हते. मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने उलट हिशोब मांडला: आई-बाळ एकत्र ठेवले आणि ही पद्धत सर्वत्र पोचली तर सव्वा लाखांवर बाळे वाचू शकतात, कोविडने दगावण्याचा धोका त्यापुढे फार लहान आहे.

आता यात संघटनेचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध खाटेचा आहे. आईने चोवीस तास बाळाजवळ राहायचे तर तिला तेथे खाट हवी, न्हाणीघर हवे, दोन वेळचे जेवण हवे. पाळीवर माणसे हवीत. एका परिचारिकेकडे बाळांची रांग असेल तर आईला बसवून शिकवणार कोण? आमच्यातल्या कित्येक जणी अकरा महिन्यांच्या कंत्राटावर आहेत. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली. सतरापैकी दहा बाळे गेली. विजेच्या तारा कोणी तपासल्या, रात्री माणसे किती, हे प्रश्न आगीच्या आदल्या दिवशी विचारणारे कोणी असावे लागते. ते काम संघटनेचेच आहे.

बाळ घरी गेल्यावर आशाताई येतात. घरोघरी जाऊन नवजात बाळ सांभाळण्याची पद्धत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत उभी केली, आणि १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये तिचे परिणाम छापून आले. आज देशभर आशाताईंच्या भेटी त्याच धर्तीवर होतात. महासाथीत त्याच बाईकडे ताप-सर्वेक्षण दिले आणि केंद्राने महिना हजार रुपये जादा देऊ केले. ७ आणि ८ ऑगस्ट २०२० ला त्या देशभर संपावर गेल्या, ते अकारण नव्हे.

आता रजेकडे येऊ. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवडे झाली. दोन मुले हयात असतील तर पुढच्या बाळंतपणाला १२ आठवडेच. रजा धावते बाळंतपणाच्या दिवसापासून. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेले बाळ दहा आठवडे कक्षात राहणे नेहमीचेच आहे. हिशोब करा: २६ ची रजा असेल तर हाती उरतात १६, आणि १२ ची असेल तर दोन. बाळ घरी आले, आई पंधरा दिवसांत यंत्रावर! अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीमुळे होणाऱ्या आजारपणासाठी महिनाभर जादा पगारी रजा १९६१ च्या कायद्यातही होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. पण ती आईच्या आजाराची आहे. बाळ आजारी आणि आई ठणठणीत असेल तर कायदा गप्प. तरीही ही तरतूद भगिनींना ठाऊकच नसते, म्हणून सांगतो आहोत. रोजंदारीवरील बायकांनाही प्रसूती लाभ मिळाला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महानगरपालिकेच्या खटल्यात २००० सालीच सांगितले आहे; 'तू कायम नाहीस' हे उत्तर ऐकून परत फिरू नका.

ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ पासून, बाळ सलग सात दिवस वा अधिक काळ नवजात कक्षात असेल तर आई आणि बाप दोघांनाही नेहमीच्या रजेखेरीज १२ आठवड्यांपर्यंत रजा मिळते. आमची मागणी याहून साधी आहे: बाळ जितके दिवस कक्षात, तितके दिवस आईच्या रजेत जोडावे, आणि बापालाही दूध पोचवण्यापुरती पगारी रजा असावी. कायदा बदलायला वेळ लागेल, वेतन करारात कलम घालायला तितका लागत नाही. ज्यांची मागणीपत्रे या वर्षी जायची आहेत, त्या प्रतिनिधींनी जेवणाच्या सुटीत आमच्याकडून कलमाचा मसुदा उतरवून घ्यावा. पुरावा काय द्यायचा, हे मालक विचारतीलच. रुग्णालयाच्या कार्डावर बाळ दाखल झाल्याची आणि घरी सोडल्याची, अशा दोन्ही तारखा असतात.