दातखिळीआधीचे आठ दिवस



१९०२च्या ३० ऑक्टोबरला पंजाबातल्या मुलकोवाल नावाच्या खेड्यात प्लेगची लस टोचली गेली. लस मुंबईतल्या आपल्या परळहून गेली होती, डॉ. वाल्देमार हाफकिन यांच्या प्रयोगशाळेतून. मुंबईत प्लेग मातलेला असताना, १० जानेवारी १८९७ रोजी, आपण तयार केलेली लस सगळ्यांत आधी स्वतःला टोचून घेणारे ते हेच हाफकिन. मुलकोवालला त्या दिवशी १०७ जणांनी लस घेतली. त्यांतल्या १९ जणांना '५३-एन' क्रमांकाच्या एकाच बाटलीतली लस मिळाली. आठवडाभरात या १९ जणांची दातखीळ बसली आणि एकोणीसच्या एकोणीस जण दगावले. बाकीच्यांच्या केसालाही धक्का लागला नाही.

प्लेगपासून वाचायला आलेली माणसं धनुर्वाताने गेली. दोन्ही रोग दंडाणूंचे, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली काडीसारख्या दिसणाऱ्या जिवाणूंचे. पण त्यांची रीत अगदी वेगळी. प्लेगचा दंडाणू पिसवेच्या चाव्यातून शिरतो, गाठीत वाढतो, रक्तात उतरतो, सगळं शरीर व्यापतो. धनुर्वाताचा दंडाणू जखमेत पडतो आणि तिथेच राहतो. मारतं ते त्याचं विष. आज मला या विषाबद्दल बोलायचं आहे, कारण धनुर्वाताच्या उपचारातलं यश आणि अपयश या एकाच गोष्टीवर ठरतं: औषध पोचलं तेव्हा विष कुठवर गेलं होतं.

आधी जंतू समजून घेऊ. १८८४मध्ये जर्मनीतल्या आर्थर निकोलायर यांनी बागेतली साधी माती प्राण्यांच्या कातडीखाली घातली आणि त्यांना धनुर्वात झाला. म्हणजे रोग मातीतच होता. पण तो जंतू इतरांपासून वेगळा काढणं कोणाला साधेना. ते साधलं १८८९मध्ये बर्लिनला, रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या शिबासाबुरो कितासातो या जपानी शास्त्रज्ञाला. त्यांची युक्ती मला आजही थक्क करते. त्यांनी जखमेतला पू ८० अंश सेल्सिअसला तापवला. बाकीचे जंतू मेले, हा राहिला. मग त्यांनी तो हवेपासून दूर, हायड्रोजनमध्ये वाढवला, कारण प्राणवायू त्याला सोसत नाही. हा दंडाणू बीजाणू धरतो. बीजाणू एका टोकाला फुगतो आणि सगळा जंतू टोकाला गोळा असलेल्या ढोलाच्या टिपरीसारखा दिसू लागतो. हे बीजाणू मातीत, शेणात, रस्त्याच्या धुळीत वर्षानुवर्षं पडून राहतात. उकळत्या पाण्यातही ते तग धरू शकतात, म्हणून शस्त्रक्रियेची हत्यारं दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करावी लागतात.

गंजलेल्या खिळ्याची भीती आपल्याकडे घरोघर आहे. गंजाचा यात काही दोष नाही. खिळा मातीत पडलेला असतो आणि त्याची जखम खोल, अरुंद असते, हा खरा मुद्दा. अशा जखमेच्या तळाशी हवा पोचत नाही, आणि बीजाणूला फुटायला नेमकं तेच हवं असतं. बाभळीचा काटा, विळ्याचं टोक, कानात घातलेली काडी, कुठल्याही वाटेने तो आत जातो. कित्येकदा रोग होतो तोवर जखम भरून आलेली असते आणि रोग्याला ती आठवतही नाही.

आता विष. हे एक प्रथिन आहे. एका किलो वजनामागे एका ग्रॅमचे काही अब्जांश भाग एवढं ते मारायला पुरतं. जखमेजवळच्या मज्जातंतूंच्या टोकांना ते चिकटतं, आत ओढलं जातं आणि मज्जातंतूच्या आतूनच उलट्या दिशेने पाठीच्या कण्याकडे सरकत जातं. काही विष रक्तातून सगळ्या स्नायूंपर्यंत जातं आणि तिथल्या मज्जातंतूंतून वर चढतं. ज्या तंतूंची वाट आखूड, तिथे ते आधी पोचतं. जबड्याच्या मज्जातंतूंची वाट आखूड आहे, म्हणून काटा पायात रुतला तरी पहिली तक्रार जबड्याची येते. या प्रवासाला वेळ लागतो. जखमेपासून लक्षणांपर्यंत साधारण तीन दिवस ते तीन आठवडे जातात, बहुधा आठेक दिवस.

मज्जारज्जूत पोचल्यावर हे विष एक अगदी ठरावीक काम करतं. आपला प्रत्येक स्नायू आखडायला सांगणाऱ्या पेशी जशा असतात, तशा त्यांना आवर घालणाऱ्या पेशीही असतात. हात वाकवताना मागचा स्नायू सैल पडतो तो या आवर घालणाऱ्यांमुळे. विष या पेशींत शिरतं आणि निरोप बाहेर सोडणाऱ्या यंत्रणेतलं एक प्रथिन कापून टाकतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इटलीतल्या शास्त्रज्ञांनी हे उलगडलं. आवर संपला की सगळे स्नायू एकाच वेळी आखडतात, आणि पाठीचे स्नायू पोटाच्या स्नायूंपेक्षा बळकट असल्यामुळे शरीर मागे धनुष्यासारखं ताणलं जातं. बिघडलेल्या अन्नातून बाधणाऱ्या बॉट्युलिनम या भाऊबंद दंडाणूचं विषही याच यंत्रणेवर घाव घालतं, पण ते स्नायूच्या दारातच थांबतं. तिथे माणूस लुळा पडतो, इथे ताठ होतो.

हे कळल्यावर मुलकोवालकडे पुन्हा बघा. चौकशी आयोगाने ठरवलं की बाटली उघडण्यापूर्वीच दूषित होती, म्हणजे दोष परळचा. हाफकिन यांना कामावरून दूर केलं गेलं. पण बाटली भरून ४१ दिवस झाले होते. इतके दिवस जंतू आत वाढत असते, तर तयार विषच टोचलं गेलं असतं आणि लक्षणं आठवडाभर थांबली नसती. बाटलीला वासही आला असता. उलट, मुलकोवालला बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता तसाच वापरला गेला होता, हे कागदोपत्री नोंदलेलं होतं. जंतू त्या दिवशी आत गेले असतील, तर लोक आजारी पडायला आठवडा लागणं अगदी बरोबर बसतं. रोनाल्ड रॉस आणि इतर नऊ शास्त्रज्ञांनी १९०७मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली, तेव्हा सरकारने त्यांना पुन्हा कामावर घेतलं. मधली पाच वर्षं मात्र त्यांना कोणी परत दिली नाहीत. परळच्या संस्थेला त्यांचं नाव लागलं ते १९२५मध्ये. ज्या माणसाने मुंबईसाठी स्वतःचा दंड पुढे केला, त्याला आपण फार उशिरा ओळखलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझ्या उमेदवारीच्या काळात पाहिलेला एक रोगी सांगतो. पन्नाशीतले शेतकरी. तोंड उघडत नाही, घास जात नाही, म्हणून आधी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलेले. आमच्या वरिष्ठांनी जीभ दाबायची पट्टी त्यांच्या घशाच्या मागच्या भिंतीला लावली. तुम्हा-आम्हाला अशाने उमासा येतो आणि आपण पट्टी बाहेर ढकलतो. या गृहस्थांनी ती कचकन चावून धरली. निदान झालं. या साध्या तपासणीची पद्धतशीर पारख १९९५मध्ये आपल्याच केईएम रुग्णालयातल्या डॉ. आपटे आणि डॉ. कर्णाड यांनी प्रसिद्ध केली. शंभरातल्या ९४ धनुर्वाताच्या रोग्यांत ती खरी ठरली, आणि ज्यांना धनुर्वात नव्हता त्यांच्यात एकदाही चुकली नाही. एक लाकडी पट्टी, एक क्षण, खर्च जवळजवळ शून्य.

त्या रोग्याला अंधाऱ्या खोलीत ठेवलं. रात्री व्हरांड्यात कोणाच्या तरी हातून स्टीलचं ताट पडलं आणि त्या आवाजासरशी त्यांचं अंग खाटेवरून उचललं गेलं. डोकं आणि टाचा तेवढ्या टेकलेल्या. ओठ ताणून दात दिसत होते, लांबून कोणाला हसल्यासारखं वाटावं. या रोगात शुद्ध पूर्ण असते, ही त्यातली सगळ्यांत क्रूर गोष्ट. प्रत्येक झटका माणूस जागेपणी सोसतो.

उपचार तेव्हाही होते आणि आज अधिक चांगले आहेत. जखम उघडून मेलेलं मांस काढतात, म्हणजे विषाचा कारखाना बंद होतो. जंतूंसाठी आता पेनिसिलिनपेक्षा मेट्रोनिडाझोल पसंत करतात, कारण आवर घालणाऱ्या ज्या निरोपाला विष रोखतं, त्यालाच पेनिसिलिनचाही थोडा विरोध असतो. अजून मोकळ्या असलेल्या विषासाठी मानवी रक्तातून काढलेली तयार प्रतिपिंडं देतात. झटक्यांसाठी डायझेपाम, मॅग्नेशियम सल्फेट. गरज पडली तर गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी आणि व्हेंटिलेटर. पण पेशीत शिरलेल्या विषाला यातलं एकही औषध बाहेर काढू शकत नाही. तिथे नवी जोडणी उगवेपर्यंत चार ते सहा आठवडे रोग्याला जिवंत ठेवायचं, एवढंच हातात असतं.

म्हणून खरी शोधगाथा विष पेशीत शिरण्याआधीच्या दिवसांची आहे. १८९०मध्ये कितासातो आणि एमिल फॉन बेरिंग यांनी दाखवलं की विषाच्या थोड्या-थोड्या मात्रा दिलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवात विष निकामी करणारं काहीतरी तयार होतं, आणि तो रक्तद्रव दुसऱ्याला वाचवतो. त्यातून घोड्यांच्या रक्तातला प्रतिविष द्रव आला. १९६६मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटची सुरुवातही घोड्यांपासून आणि याच औषधापासून झाली. पण घोड्याच्या रक्तद्रवाचं संरक्षण थोडे दिवस टिकायचं आणि कित्येकांना त्याची जबर रिअ‍ॅक्शन यायची. मोठं पाऊल फ्रान्समध्ये १९२०च्या दशकात पडलं. फॉर्मालिन आणि सौम्य उष्णतेने विषाचं मारकपण काढून घेता येतं, पण शरीर त्याला विष म्हणून ओळखतंच, हे गास्ताँ रामों यांनी घटसर्पाच्या विषावर दाखवलं आणि लगेच धनुर्वातालाही ते लागू झालं. दुसऱ्या महायुद्धात अशी लस टोचलेल्या अमेरिकी सैन्यातले सुमारे २७ लाख जखमी रुग्णालयात आले, त्यांत धनुर्वाताचे निघाले १२.

सगळ्यांत मोठा फरक पडला तो बाळंतिणीच्या खोलीत. विळ्याने कापलेली नाळ, तिच्यावर लावलेली राख किंवा शेण, आणि दोन दिवस छान दूध ओढणारं बाळ तिसऱ्या दिवसापासून दूध ओढेनासं होतं. १९८८मध्ये जगभरात ७ लाख ८७ हजार नवजात बाळं धनुर्वाताने गेली असावीत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता. गरोदर आईला दोन इंजेक्शनं दिली की तिची प्रतिपिंडं वारेतून बाळात जातात. ती इंजेक्शनं, स्वच्छ पातं, स्वच्छ धागा आणि दवाखान्यातलं बाळंतपण, या जोरावर २०१५मध्ये भारतात माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. निर्मूलन म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रोगी. माती तीच आहे, बीजाणू तिथेच आहेत. म्हणून हे काम दर बाळंतपणाला पुन्हा करावं लागतं, आणि ते करणाऱ्या आपल्या आशाताई आणि परिचारिका यांचं नाव या व्यासपीठावरून घ्यायलाच हवं.

राहिले पुरुष. बाईला गरोदरपणात लस मिळते. पुरुषाला सोळाव्या वर्षानंतर कोणी बोलावत नाही, आणि संरक्षण तर दहाएक वर्षांनी ओसरू लागतं. शेतात, गोठ्यात, बांधकामावर अनवाणी उतरणारे पन्नाशी-साठीतले पुरुष आज असुरक्षित आहेत. दुसऱ्याने लस घेतल्याने त्यांचं रक्षण होत नाही, कारण हा रोग माणसाकडून माणसाला लागतच नाही, मातीतून लागतो. आता टी.टी.च्या जागी धनुर्वात आणि घटसर्प दोन्हींवरची टीडी लस सरकारी दवाखान्यात मिळते. घरी गेल्यावर वडिलांना, काकांना विचारा, शेवटची सुई कधी घेतली होती.

आणि ज्याला धनुर्वात होऊन गेला, त्यालाही विचारा. मारायला पुरणारं विष इतकं थोडं असतं की शरीराला त्याची ओळखही पटत नाही, त्यामुळे हा रोग एकदा होऊन गेला तरी पुन्हा होऊ शकतो. ते शेतकरी दीड महिन्याने चालत घरी गेले, तेव्हा कागदावर पुढच्या डोसची तारीख लिहून, पहिला डोस त्यांच्या दंडात देऊनच आम्ही त्यांना सोडलं.