फुगडी आणि बॅले

बॅलेची नर्तकी गिरकी घेताना नजर एकाच ठिकाणी रोखते, मग मान झटकन वळवते; म्हणून तिला घेरी कमी येते. फुगडीत आपण मैत्रिणीच्या तोंडाकडे पाहतो. तो चेहरा आपल्याबरोबरच फिरतो, म्हणून स्थिर दिसतो! अंग मागे टाकले की पोटऱ्या, पाठ, मनगटे कामाला लागतात. तोल सावरण्याची सवय होते. आणि तिने हात सोडला तर पडू, हे ठाऊक असूनही निर्धास्त रेलणे मनाला केवढे मोकळे करते!

पाळी थांबल्यावर हाडे ठिसूळ होऊ लागतात, त्यांच्यावर भार पडणारी हालचाल तेव्हाच अधिक हवी. आपण उमरग्याच्या बायका मात्र सुना आल्या की ओसरीवर बसतो. गुडघे दुखत असतील त्यांनी हळू झिम्मा खेळावा, हाड मोडलेले असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. बाकीच्यांनी पंचमीला मंडळाच्या अंगणात यावे. ओल्या फरशीवर मात्र फुगडी नको.