शिक्षकाची सुट्टी, मुलांचे वाचन



जुन्नर तालुक्यातील घाटघर हे जीवधन किल्ल्याच्या परिसरातील, नाणेघाटालगतचे गाव. घाटातील लेण्यात सातवाहनकालीन ब्राह्मी लेख आहे. त्यातील अंक भारतातील प्राचीनतम अंकांत गणले जातात. मात्र ती लिपी जाणणारे उरले नाहीत, तेव्हा शतकानुशतके त्या लेखाच्या नुसत्या रेघा होऊन राहिल्या. वाचणारा नसेल तर अक्षराचाही दगड होतो.

शाळेच्या कपाटातील पुस्तकांची गत याहून निराळी नसते. ते कुलूप खऱ्या अर्थाने उघडतो तो शिक्षक, आणि त्याची तयारी व्हावी उन्हाळ्याच्या सुट्टीत. त्या दिवसांत शिक्षकाने मुलांचीच पुस्तके वाचावीत: बालभारतीचे १९७१ पासूनचे ‘किशोर’, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, साने गुरुजींची ‘श्यामची आई’.

अमळनेरला शिक्षक राहिलेल्या गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तिच्या ४२ रात्री आहेत. वर्गात रोज एक वाचली तरी सुमारे सात आठवडे पुरतात. श्यामचे पालगड दूर रत्नागिरी जिल्ह्यात. पण कोकण कसे असते, हे घाटघरच्या मुलांना घाटमाथ्यावरूनच दाखवता येते. हा दुवा सुचण्यासाठी पुस्तक आधी शिक्षकाच्या मनात उतरलेले असावे लागते.

म्हणून ग्रंथदान करणाऱ्यांनी एवढेच करावे: जूनमध्ये समारंभाने देण्याची पुस्तके एप्रिलअखेरीसच शिक्षकांच्या हाती सोपवावीत. ज्ञानदान तेथून सुरू होते.